सोलापुरातल्या गाड्या डिझेलवरून सीएनजी-इलेक्ट्रिकवर न्यायच्या कशा: पाच-पंचवीस गाड्या असलेल्या मालकांसाठी

सोलापुरात कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसा, मार्केट यार्डाबाहेर असो नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चहा यायच्या आत विषय निघतोच की आता सीएनजी घ्यावी का इलेक्ट्रिक. मला वाटतं हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी बघायचं की गाडी रोज कुठं जाते, किती माल नेते, रात्री कुठं उभी राहते आणि रिटर्न भाडं कुठून मिळतं, एवढं कागदावर आलं की त्या गाडीला कुठलं इंधन परवडतं ते बरंचसं तिथंच दिसतं. आणि एकाच मालकाच्या दहा गाड्यांना तीन वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात, त्यात काही चूक नाही.

हा लेख पाच-पंचवीस गाड्या असलेल्या मालकांसाठी लिहितोय, आणि ज्यांना आपल्या संघटनेतल्या बाकीच्या मालकांना मदत करायची आहे त्यांच्यासाठीपण.

पहिलं काम: ट्रिपशीट काढा

शोरूमला जायच्या आधी मागच्या तीन महिन्यांच्या ट्रिपशीट, म्हणजे फेऱ्यांच्या नोंदी, आणि डिझेलची बिलं काढा. प्रत्येक गाडीसमोर एवढं लिहा: रोजचे सरासरी किलोमीटर, सगळ्यात जास्त चाललेल्या दिवसाचे किलोमीटर, खरं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ड्रायव्हर सांगतो ते नाही तर टाकी फुल ते टाकी फुल काढलेलं, सरासरी लोड, आणि गाडी रोज किती तास एका जागी उभी असते. हे शेवटचं कुणी लिहीतच नाही पण इलेक्ट्रिकसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

जीपीएस लावलेलं असेल तर काम सोपं, नसेल तर महिनाभर वहीत लिहायला लावा. आणि सीझन लक्षात ठेवा. ऊस चालू असतानाचे महिने, यार्डात कांद्याची आवक वाढते ते महिने आणि मे महिना, या तिन्हीत एकच गाडी तीन तऱ्हेने चालते, त्यामुळं फक्त मंदीतले तीन महिने धरले तर सगळा हिशोब फसतो.

दुसरं काम: गाड्यांचे गट पाडा

आपल्याकडं साधारण तीन गट पडतात.

एक, शहरातल्या आणि आसपासच्या छोट्या गाड्या. छोटा हत्ती, छोटे पिकअप, तीनचाकी. एमआयडीसीतून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला चादर-टॉवेलच्या गाठी, यार्डातून दुकानांना भाजी, किराणा, गॅस सिलेंडर, पाण्याचे जार, कुरिअर. रोज पन्नास ते शंभर किलोमीटर आणि रात्री घरी परत. इलेक्ट्रिकसाठी पहिला विचार यांचाच करायचा.

दोन, जिल्ह्यात आणि शेजारी फिरणारे पिकअप, आयशर. पंढरपूर सत्तरेक किलोमीटर, बार्शीपण तेवढंच, अक्कलकोट चाळीस, तुळजापूर पंचेचाळीस, विजयपूर शंभर. जाऊन-येऊन दीडशे-दोनशे होतात आणि दुसऱ्या दिवशी रूट बदलू शकतो. इथं आज तरी सीएनजी बसते, पण वाटेत पंप कुठं आहे ते बघून.

तीन, लांबच्या मोठ्या गाड्या. पुणे अडीचशे, हैदराबाद तीनशे, पुढं मुंबई, बेंगळुरू, चेन्नई. यांच्याबाबत घाई करू नका, खाली सविस्तर लिहिलंय.

तिसरं काम: किलोमीटरला किती पडतं ते काढा

आता आकडेमोड. खालचे दर नुसते उदाहरणापुरते धरलेत, तुमच्या गाडीचे आणि त्या दिवशीचे दर घालून परत करा.

समजा छोटा हत्तीसारखी गाडी. डिझेल ९२ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १८, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ११ पैसे. तीच सीएनजीवर, गॅस ९० रुपये किलो आणि अ‍ॅव्हरेज २२, म्हणजे ४ रुपये ९ पैसे. इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.२२ युनिट आणि युनिट ९ रुपये, म्हणजे १ रुपया ९८ पैसे.

आता ही गाडी वर्षात ३०० दिवस रोज ७५ किलोमीटर चालली तर वर्षाला २२,५०० किलोमीटर. डिझेलऐवजी इलेक्ट्रिकमध्ये वर्षाला साधारण ७० हजार वाचतात, सीएनजीत २३ हजार. इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा समजा ३ लाखांनी महाग पडली तर जादा पैसे निघायला सव्वाचार वर्षं. पण तीच गाडी रोज ४० किलोमीटरच चालली तर आठ वर्षं लागतात, म्हणजे घेऊ नका. आणि दुपारी ड्रायव्हर जेवतो, गाडी माल भरायला उभी असते तेव्हा तासभर चार्जिंगला लावून रोज ११० किलोमीटर काढले तर तेच पैसे तीन वर्षांच्या आत निघतात. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी जितकी जास्त पळेल तितकी स्वस्त, उभी राहिली की महाग. म्हणून ज्या गाडीला रोज बांधलेलं काम आहे तीच आधी बदलायची, जिला कधीमधी भाडं मिळतं ती सगळ्यात शेवटी.

या हिशोबात हप्ता, इन्शुरन्स, टायर आणि मेंटेनन्स पण घाला. इलेक्ट्रिकला इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच नसतो म्हणून तिथं बचत आहे, पण व्याज जास्त लागू शकतं कारण जुन्या इलेक्ट्रिक मालवाहू गाडीला बाजारात किती किंमत येईल याचा बँकांना अजून अंदाज नाही. दोन-तीन बँका आणि फायनान्सवाले फिरल्याशिवाय सही करू नका, दोन टक्के व्याजाच्या फरकात वरच्या बचतीतला काही हिस्सा जातो.

इलेक्ट्रिक: कंपनीची रेंज आणि सोलापूरची रेंज

टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा २१.३ किलोवॅट-तासाची, म्हणजे तेवढ्या युनिटची बॅटरी आणि एका चार्जला १५४ किलोमीटर असा कंपनीचा आकडा होता. हे आकडे टेस्टचे असतात. भरलेली गाडी, चौकाचौकात ब्रेक, एप्रिल-मेचं ४२-४४ डिग्रीचं ऊन, हे सगळं धरलं की रेंज खाली येणारच. माझं म्हणणं असं की आपल्या खऱ्या रूटवर, पूर्ण लोड टाकून, शक्यतो उन्हाळ्यात डेमो गाडी दोन-तीन दिवस चालवून मागा, जी रेंज येईल तिच्या ७० टक्क्यांवरच रोजचा रूट बसवा. राहिलेले ३० टक्के म्हणजे जादा आलेली ऑर्डर, बंद असलेला रस्ता, आणि दोन-चार वर्षांनी बॅटरी थोडी उतरेल त्याची सोय.

उन्हाळ्यात एक नियम घालून द्या. गाडी तापून आली की लगेच फास्ट चार्जिंगला लावायची नाही, सावलीत अर्धा तास ठेवायची. रात्री हळू चार्जिंग हे बॅटरीला आणि खिशाला दोन्हीला बरं. त्यामुळं पत्र्याची शेड किंवा झाडाची सावली हा खर्च सुरुवातीलाच धरा.

चार्जिंगचं आता. दहा छोट्या गाड्या, प्रत्येकीला रोज १६ युनिट, म्हणजे रात्रीत १६० युनिट. आठ तासांत सारखे वाटले तर २० किलोवॅटमध्ये काम होतं. पण सगळ्या गाड्या संध्याकाळी सातला येऊन ७ किलोवॅटच्या चार्जरला एकदम लागल्या की ७० किलोवॅट लोड मागतो, आणि मंजूर लोड त्या हिशोबाने घेतला तर डिपॉझिट, डिमांड चार्ज (लोडवर लागणारा आकार), कदाचित ट्रान्सफॉर्मर, सगळंच वाढतं. म्हणून पाच गाड्या रात्री दहाला, पाच दोनला असा टायमर लावा. महावितरणकडं ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी दर-वर्गवारी आहे, तेव्हा वेगळं मीटर घ्या, गोडाऊनच्या कमर्शियल मीटरवर चार्जिंग करत बसू नका. आणि अर्ज गाडी बुक करायच्या आधी द्या, नाहीतर गाडी दारात आणि कनेक्शन कागदावर असं होतं.

वळवाच्या पावसात लाइट जाते हे आपल्याला माहीतच आहे. त्यासाठी शहरातले दोन पब्लिक चार्जर आधी जाऊन तपासून ठेवा, त्यांचा प्लग आपल्या गाडीला बसतो का, मालवाहू गाडी आत वळते का, रात्री चालू असतो का. नकाशावर हिरवा दिसतो म्हणून विसंबू नका.

धुराचं आणि कार्बनचं खरं बोलू. डिझेलच्या एका लिटरमागं २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १८ च्या अ‍ॅव्हरेजला किलोमीटरमागं दीडशे ग्रॅम. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प तर आपल्या शेजारीच, आणि युनिटमागं साधारण ०.७ किलो धरला तर इलेक्ट्रिकचाही आकडा दीडशेच्या जवळपासच येतो. पेठांमधल्या गल्लीत, शाळेसमोर, दुकानाच्या दारात धूर आणि आवाज बंद होतो हा फायदा पहिल्या दिवसापासून आहे आणि तो मला फार मोठा वाटतो. पण कार्बन खरोखर कमी करायचा तर गोडाऊनच्या पत्र्यावर सोलर टाका. सोलापूरइतकं ऊन कुणाकडं आहे, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेचं चार्जिंग थेट त्यावर होऊ शकतं.

कागदपत्रांत इलेक्ट्रिकला सवलती आहेत. २०१८ पासून बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना परमिटची सक्ती नाही, नंबर प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, पण ती प्रवासी कार आणि बससाठी, मालवाहू गाडीच्या हिशोबात ती धरू नका. ट्रॅव्हल्सवाल्यांनी मात्र जरूर धरावी.

सीएनजी: गाडीच्या आधी पंप बघा

सीएनजीत गाडीपेक्षा पंप महत्त्वाचा. पंपावर जाऊन विचारा की गॅस पाइपलाइनने येतो का सिलेंडरच्या गाडीने. गाडीने येत असेल तर ती उशिरा आली की प्रेशर पडतं आणि रांग लागते. रांगेत रोज पाऊण तास गेला तर महिन्याला वीस तासांच्या आसपास जातात, त्याचे पैसे हिशोबात घाला, बरेच लोक घालतच नाहीत. चार दिवस वेगवेगळ्या वेळी पंपावर थांबून बघा, पहाटे किती गर्दी, संध्याकाळी रिक्षांची किती. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते वळवलेले असतात आणि पंपांवर बाहेरच्या गाड्यांची भर पडते, त्या आठवड्यासाठी एक-दोन डिझेल गाड्या हाताशी ठेवलेल्या बऱ्या.

सिलेंडरमध्ये गॅस २०० बारच्या दाबाने भरतात. उन्हात भराभर भरला की गॅस तापतो आणि काटा फुल दाखवत असला तरी वजनाने कमी बसतो, म्हणून मेमध्ये अ‍ॅव्हरेज कमी झाल्यासारखं वाटतं. पहाटे भरून घ्या. अ‍ॅव्हरेज किलोवर काढायचं, काट्यावर नाही.

सिलेंडरचं वजन पेलोडमधून, म्हणजे गाडीत भरता येणाऱ्या मालाच्या वजनातून जातं. मोठ्या गाडीला लोखंडी सिलेंडर लागले की काहीशे किलो तिथंच गेले, आणि तुमचं भाडं टनावर असेल तर दर ट्रिपला तेवढं नुकसान. चादर-टॉवेलसारखा हलका पण जागा खाणारा माल असेल तर फरक पडत नाही, सिमेंट किंवा कांदा असेल तर पडतो. कम्पोझिट, म्हणजे फायबरचे सिलेंडर हलके असतात पण महाग.

जुन्या गाडीला किट बसवायचं असेल तर नीट वाचा. २०२२ मध्ये केंद्राने बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किट बसवायला आणि साडेतीन टनांखालच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं इंजिन बदलून सीएनजीचं बसवायला नियमात जागा केली. म्हणजे आयशर किंवा दहा चाकीला गल्लीतल्या गॅरेजात किट मारून घेणं यात बसत नाही. किट मान्यताप्राप्त, सेंटर अधिकृत, सिलेंडर पेसोच्या (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या) मान्यतेचा, आणि मग आरटीओत आरसीवर इंधन बदलून घेणं, गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी, शेवटी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद. यातली एक पायरी राहिली तरी अपघातानंतर क्लेम अडकतो. सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी, तारीख पासिंगच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर डिझेल गाडीचं इंजिन बदलण्यात पैसे घालू नका, ती गाडी तिचं आयुष्य संपेपर्यंत चालवा आणि पुढची गाडी कंपनी-फिटेड सीएनजी घ्या. वॉरंटी, सर्व्हिस, रिसेल, तिन्ही सोपं जातं.

गॅरेजचीपण तयारी लागते. सीएनजी हवेपेक्षा हलकी, गळती झाली तर छताला जाऊन साठते, त्यामुळं बंद शेडमध्ये वरच्या बाजूला हवा जायला जागा पाहिजे. एलपीजीचं उलटं, ती जमिनीलगत आणि पिटमध्ये साठते.

मोठ्या गाड्या: एलएनजी, ई-ट्रक, की अजून डिझेल

एलएनजी म्हणजे उणे १६२ डिग्रीला थंड करून द्रव केलेला तोच नैसर्गिक वायू, आकारमान सुमारे सहाशे पटीने कमी होतं म्हणून एका भरण्यात खूप लांब जाता येतं. पण टाकी कितीही चांगली असली तरी आत थोडा-थोडा गॅस उकळत राहतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली की तो बाहेर सोडावा लागतो. म्हणून रोज पळणाऱ्या, ठरलेल्या रूटच्या गाडीलाच एलएनजी परवडते, आणि जाताना-येताना दोन्ही बाजूला स्टेशन असेल तरच. भरताना हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड हे ड्रायव्हरला शिकवलंच पाहिजे, त्या थंडीने कातडी भाजल्यासारखी होते.

ई-ट्रकला केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून गाडीच्या वजनाप्रमाणे जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांपर्यंत मदत आहे, साडेतीन टनांवरच्या गाड्यांपासून ५५ टनांपर्यंत. योजना मार्च २०२८ पर्यंत, पण निधी आणि गाड्यांचा आकडा ठरलेला आहे. यात जुना ट्रक स्क्रॅप केल्याचं सर्टिफिकेट लागतं, स्वतःचा नसेल तर दुसऱ्याचं सर्टिफिकेट विकत घेता येतं. बॅटरीला ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटरची वॉरंटी असल्याशिवाय गाडी योजनेत बसत नाही, त्यामुळं वॉरंटीचा कागद आधी मागा. आपल्याकडं सिमेंट, राख, साखर अशी दोन ठरलेल्या ठिकाणांमध्ये फेऱ्या मारणारी कामं आहेत, ई-ट्रक आला तर तिथंच आधी येईल असं मला वाटतं.

बाकी हैदराबाद-मुंबई करणाऱ्या गाड्या आज डिझेलवर राहिल्या तरी चालेल. तिथं टायरचं प्रेशर, रिकामी फेरी टाळणं आणि स्पीड ६० च्या आसपास ठेवणं यात आत्ताच्या आत्ता डिझेल वाचतं. रस्त्याकडेला स्वस्तात मिळतंय म्हणून बायोडिझेलच्या नावाखाली काहीही टाकीत ओतू नका. शुद्ध बायोडिझेलचं आयएस १५६०७ हे मानक आहे आणि डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत मिश्रण चालतं, त्यापुढं कंपनीचं लेखी हवं. बीएस-६ चा इंजेक्टर आणि फिल्टर गेला की वर्षाची बचत एका बिलात जाते.

आणि ऊसवाल्यांसाठी एक. कारखान्याच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) बायोगॅस, तो शुद्ध करून दाबला की सीबीजी, आणि तो सीएनजीच्याच गाडीत चालतो, काही बदलावं लागत नाही. २०१८ ला केंद्राने ‘सतत’ (SATAT) नावाची योजना आणली ती यासाठीच. शहरी गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळणं आता बंधनकारक आहे, २०२५-२६ ला १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात सीएनजी गाडी घेणं म्हणजे उद्या आपल्याच शिवारातल्या गॅसवर चालायची सोय करून ठेवणं, मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

एकट्याने करू नका

छोट्या मालकाला कुणी विचारत नाही, वीस जण एकत्र आले की गोष्ट वेगळी. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मालकांनी एकत्र बसून एक साधा तक्ता करा: किती गाड्या, रोज किती किलो गॅस, कुठल्या वेळेला. चाळीस गाड्या रोज आठ किलो म्हणजे ३२० किलो, हा आकडा सह्यांनिशी गॅस कंपनीला दिला की तुमच्या बाजूला पंप किंवा रात्रीचा स्लॉट मागायला आधार मिळतो. तसंच चार्जिंगचं, शेजारच्या तीन गोडाऊनने मिळून एक फास्ट चार्जर टाकला तर प्रत्येकाला परवडतो.

माल देणाऱ्या पार्टीशीही बोला, हे फार कमी लोक करतात. आपल्याकडचा टॉवेल परदेशात जातो आणि तिकडचे खरेदीदार आता कारखान्याकडं वाहतुकीचा कार्बनचा हिशोब मागायला लागलेत. कारखानदाराला सांगा की महिन्याला किती किलोमीटर इलेक्ट्रिकवर झाले याचा तक्ता मी देतो, तुम्ही मला तीन वर्षांचं बांधून काम द्या. तो कागद बँकेत दाखवला की कर्जालाही मदत होते.

ड्रायव्हरला आधी बसवा

ड्रायव्हरच्या भत्त्यात अ‍ॅव्हरेजचा इन्सेंटिव्ह असतो आणि इंधन बदललं की तो कसा मोजायचा हे कुणी सांगत नाही, मग नवीन गाडीत दोष निघत राहतात. गाडी यायच्या आधी नवीन इन्सेंटिव्ह लिहून द्या, किलोमीटरमागं युनिट किंवा किलो असा. सीएनजीला तुळजापूरच्या घाटात पिकअप कमी वाटणार, गिअर आधी बदलायचा, हे आधी सांगितलेलं बरं. इलेक्ट्रिकला ॲक्सिलरेटर सोडला की गाडी हळू होते आणि बॅटरी थोडी भरते, ते जमलेला ड्रायव्हर त्याच गाडीतून चांगली रेंज काढतो. केशरी रंगाच्या जाड वायरींना गॅरेजवाल्याने, वॉशिंगवाल्याने कुणीच हात लावायचा नाही, ही पाटी गाडीतच लावा.

सुरुवात दोन गाड्यांनी करा, आणि एक चांगला, शिकायची हौस असलेला ड्रायव्हर त्यावर द्या. तीन महिने रोज लिहा: किलोमीटर, युनिट किंवा किलो, लोड, रांगेत किती वेळ गेला, गाडी किती तास बंद होती. वर काढलेल्या हिशोबाशेजारी हे आकडे ठेवा. खर्च किलोमीटरमागं पन्नास पैशांच्या आत जुळत असेल तर पुढच्या चार गाड्यांची ऑर्डर द्या, नसेल जुळत तर रूट बदलून अजून दोन महिने बघा. ऑर्डर पावसाळ्यात द्या म्हणजे डिलिव्हरी, पासिंग आणि वीज कनेक्शन ऊस सुरू व्हायच्या आत उरकतं, सीझन चालू असताना गाडी बदलायला कुणाला वेळ नसतो.